पेटी आत, हलगी बाहेर, गिटार उंबऱ्यावर

धाराशिव जिल्ह्यात वाद्यांना तोटा नाही. तुळजापुरात संबळ कडाडल्याशिवाय गोंधळ उभा राहत नाही, तेरला गोरोबाकाकांच्या समाधीपुढे टाळ-मृदंग चालतो आणि हलगी नसेल तर वरात कसली! याच जिल्ह्यात २०२० च्या जानेवारीत ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. धाराशिव शहराचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. संमेलननगरीला नाव गोरोबाकाकांचं आणि अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एक कॅथलिक धर्मगुरू मराठी साहित्याच्या मांडवात मानाच्या खुर्चीवर बसणार यावरून आधी बराच धुरळा उडाला. मराठीतलं ख्रिस्ती लेखन चारशे वर्षांहून जुनं आहे, हे त्या निमित्तानं अनेकांना पहिल्यांदाच कळलं. मराठी ख्रिस्ती मंडळी देवापुढे गातात काय आणि वाजवतात काय, ही चौकशी मात्र तेव्हाही फारशी कुणी केली नाही.

सध्या वाजवण्यावरूनच बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये धुसफुस चालते. रविवारच्या उपासनेत एका बाजूला पेटी-तबला आणि हातात ‘उपासना संगीत’ हे गायनपुस्तक. दुसऱ्या बाजूला तरुण संघाचा की-बोर्ड, ऑक्टोपॅड, गिटार आणि पैसे जमले तर ड्रमसेट. ज्येष्ठांना वाटतं, हॉटेलातलं संगीत देवाच्या घरात शिरलं. पोरांना वाटतं, पेटीवरची गाणी आजोबांची. पाळकाला दोघांनाही सांभाळून घ्यावं लागतं.

गंमत अशी, की ज्याला हॉटेलातलं म्हणतात त्या रॉकच्या पूर्वजांचं एक घर चर्चच होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांची भक्तिगीतं, शेतावरची कामाची गाणी आणि त्यातून वर आलेला ब्लूज ही सगळी एकाच वस्तीतली मंडळी. थॉमस डॉर्सी हा बाप्टिस्ट उपदेशकाचा मुलगा. १९२० च्या दशकात तो ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं ब्लूजचा पियानो वाजवायचा आणि त्याची चावट गाणीही जोरात खपायची. १९३२ साली बाळंतपणात त्याची बायको गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून त्यानं जे भक्तिगीत रचलं ते पुढं जगभर गायलं गेलं. पियानोवरचा त्याचा हात मात्र ब्लूजचाच राहिला आणि त्यापायी अनेक चर्चनी सुरुवातीला त्याला दारात उभं केलं नाही. आज ‘गॉस्पेल’ म्हटलं की डॉर्सीचं नाव आधी येतं.

सिस्टर रोझेटा थार्प तर त्याहून धीट. आई सुवार्तिक, लेक लहानपणापासून चर्चमध्ये गिटार वाजवणारी. १९३८ मध्ये ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात देवाची गाणी गायला लागली आणि चर्चची माणसं खवळली. १९६४ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर टीव्हीसाठी तिचा कार्यक्रम झाला. प्रेक्षक समोरच्या फलाटावर, पाऊस पडत होता. अंगात भारी कोट, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अशी ती उतरली आणि आयत्या वेळी तिनं पावसाचंच भक्तिगीत काढलं. ते चित्रण आजही पाहायला मिळतं. तिच्या बोटांतून निघणारं वादन ऐकलं की पुढच्या रॉकवाल्यांनी कुणाची शिकवणी लावली होती, ते समजतं. रॉक अँड रोलच्या मानकऱ्यांत तिची नोंद व्हायला मात्र २०१८ उजाडलं.

वाद्यावरून भांडण महाराष्ट्रालाही नवं नाही. १८८२ च्या सप्टेंबरात मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती संघटनेची छोटी तुकडी मुंबईत उतरली. म्होरक्या फ्रेडरिक टकर, सनदी नोकरी सोडून आलेला. इंग्लंडमध्ये मुक्तिफौजेनं नाटकगृहातल्या आणि दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलून त्यांवर भजनं बसवली होती, ब्रास बँड घेऊन रस्त्यावर उतरण्याची रीत पाडली होती. तोच थाट त्यांनी मुंबईत मांडला. पोलिसांना दंगलीची धास्ती. त्यांनी वाजतगाजत मिरवणूक काढायला मनाई केली, फौजेनं ती मोडली, अटका झाल्या आणि टकरला महिनाभराचा तुरुंगवासही घडला. राज्य ख्रिस्ती, वाजवणारे ख्रिस्ती, तरी ही गत!

कॅथलिकांकडे तर वरूनच फर्मान होतं. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो, ढोल, झांजा असली ‘गडबडीची’ वाद्यं बंद केली. साठ वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं दार किलकिलं केलं. ऑर्गनचा मान कायम, पण त्या-त्या देशाची वाद्यं आणि गाणी चालतील, असं ठरलं. त्यानंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आला. तोवर गोव्यात उलटा प्रवास होऊन गेला होता. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरं व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकली आणि मुंबईला येऊन जॅझ वाजवू लागली. ‘अलबेला’ चित्रपटातला ट्रंपेटवाला चिक चॉकलेट हा त्यांतलाच.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांची गोष्ट वेगळी आहे आणि धाराशिवच्या आसपासच्या वाचकाला ती जवळची वाटेल. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८३१ मध्ये अहमदनगरला स्थिरावलं आणि पुढं सोलापूर-बार्शीपर्यंत पसरलं. सुरुवातीची गाणी म्हणजे इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं, चालीही तिकडच्याच. टाळ-मृदंग नको, कारण तो देवळातला. तबला नको, कारण तो बैठकीतला. वास्तविक गोव्यात फादर स्टीफन्सनं १६१६ मध्येच ‘क्रिस्तपुराण’ ओवीत छापून वाट दाखवली होती. पण ती वाट कॅथलिकांची, तीही गोव्यातली. नगरच्या मिशनला आपली वाट स्वतःच शोधावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालीत पदं रचली, ख्रिस्ती कीर्तनं उभी राहिली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मग सगळा नूरच पालटला. अभंग, ओवी, पद हे त्यांचं घरचं. ‘उपासना संगीता’त आजही त्यांच्या गाण्यांचा वाटा मोठा आहे आणि ती म्हणताना आपण काही परकं म्हणतो आहोत, असं कुणाच्या मनातही येत नाही.

या सगळ्यात पेटीचं नशीब जोरावर. हार्मोनियम युरोपातलं. १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून वाजवण्याजोगं रूप दिलं आणि बघता बघता ते गावोगावच्या भजनी मंडळात पोचलं. १९४० मध्ये आकाशवाणीनं मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून पेटी हद्दपार केली ती १९७१ पर्यंत. आज चर्चमधले ज्येष्ठ गिटारविरुद्ध बाजू मांडतात ती याच पेटीच्या वतीनं, ‘आपलं वाद्य’ म्हणून. आणखी एक मेख आहे. पेटीच्या पट्ट्या पाश्चात्त्य पद्धतीनं जुळवलेल्या असतात, म्हणून गिटारचे कॉर्ड तिच्याशी बिनतक्रार जुळतात. म्हणजे गिटारला घरात घ्यायची सोय पेटीनंच करून ठेवली.

आणि हलगी? ती आत आली नाही, याचं कारण सुरातालात शोधून सापडायचं नाही. नगर आणि मराठवाड्याकडच्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतले. हलगी वाजवणं हे मातंग समाजावर गावानं लादलेलं काम होतं. लग्न असो, जत्रा असो की रेडा मिरवायचा असो, बोलावणं आलं की जायचं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून वाजवायचं. मिशनच्या शाळेत शिकलेल्या पहिल्या पिढीनं ती खुंटीला टांगली ती पुन्हा न काढण्यासाठीच. पंडितांनी देशीकरणाच्या गप्पा मारत हलगी उपासनेत आणा म्हणणं सोपं आहे. जिच्या मागे शेकडो वर्षांची वेठ आहे, ती आणायची की नाही हे वाजवणाऱ्यांच्या नातवंडांनी ठरवावं. गिटारकडे ही पोरं का वळतात, त्याचं अर्धं उत्तर इथं आहे. तबल्याला घराणं लागतं, मृदंगाला दिंडी लागते, हलगीला जात चिकटलेली आहे. गिटारला यातलं काही नाही. दुकानातून आणली, मोबाइलवर बघून चार कॉर्ड बसवले, झालं.

भक्तीतला मोठा आवाज तर इथल्या मातीला अजिबात परका नाही. १९०५ मध्ये केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात, दुष्काळातून वाचलेल्या शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, नाचू लागल्या. पेंटेकॉस्टल पंथाची सुरुवात जिच्यापासून सांगतात ती लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची गाजलेली सभा त्यानंतरची, १९०६ ची. या पंथाच्या इतिहासात म्हणूनच केडगावचं नाव आदरानं घेतलं जातं. टाळ्या, ढोल, गिटार यांना मोकळेपणानं जागा दिली ती याच पंथाच्या मंडळ्यांनी. थार्पची आई त्यांतल्याच एका चर्चची.

मग तक्रार करायचीच तर कशाची? आजच्या ‘वर्शिप’मध्ये ब्लूज जवळपास नसतोच. सिडनीच्या हिलसाँगसारख्या चर्चनी रुळवलेला मऊ रॉक तेवढा असतो. चार कॉर्ड, हळू सुरुवात, शेवटी ड्रमचा गडगडाट. त्यावर मराठी शब्द बसवले की ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, शब्द नको तिथं तुटतो. टिळकांनी ज्या दुखण्यावर औषध दिलं होतं, तेच पुन्हा उपटलं आहे. फरक एवढाच, की तेव्हा चाली बोटीनं यायच्या, आता यूट्यूबवरून येतात.

खरा ब्लूज त्या मानानं आपल्याला बराच जवळचा. त्याचे मूळ पाच स्वर म्हणजे षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद, थोडक्यात आपला धानी राग. वर तीव्र मध्यमाचा एक डंख आणि गंधार कोमल-शुद्धाच्या मधे कुठंतरी खेचलेला. बारा मापांचं, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीनं उत्तर द्यायचं आणि प्रत्येक ओळीनंतरच्या रिकाम्या जागेत गिटारनं बोलायचं. बुवा एक चरण म्हणतात आणि टाळकरी उचलतात, त्याच्याशी ही मांडणी चांगली जमते. भजनी ठेका आठ मात्रांचा, रॉकचं माप चारचं, तेही जुळतं. ड्रमवर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला ठोका पडतो, तिथं टाळ वाजला तरी काही बिघडत नाही.

बिघडतं ते आवाजात आणि रूपक तालात. पत्र्याच्या छपराखालच्या छोट्या सभागृहात ड्रमसेट ठेवला की गाणारे ओठ हलवताना दिसतात, शब्द कानावर येत नाहीत. ऑक्टोपॅडचा आवाज निदान चावीनं कमी करता येतो. आणि जुन्या पुस्तकातलं सात मात्रांचं एखादं पद निघालं, की रॉकवर हात बसलेला पोरगा सम शोधत राहतो. तेव्हा तबलजी आजोबांकडे बघण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं.