वाळीत टाकलेलं वर्तमानपत्र

छोट्या गावातलं साप्ताहिक कशावर चालतं, हे अग्रलेख वाचून कळत नाही. त्यासाठी पान उलटून वाण्याची जाहिरात बघावी लागते. या आठवड्यात साखर काय भावानं, डुकराचं मांस काय भावानं, फर्निचरच्या दुकानात कुठल्या खुर्च्यांवर सूट. त्याखाली बँकेची चौकट आणि शेवटच्या पानावर बारीक टायपात सरकारी नोटिसा: अमक्याची जमीन थकलेल्या करापोटी लिलावात, तमक्याच्या मृत्युपत्राबाबत हरकती मागवल्या आहेत. वर्गणीतून कागदाचे पैसे निघाले तरी पुष्कळ. छापखान्यातल्या माणसांचे पगार दुकानदार आणि सरकारी कचेरी या दोघांच्या जिवावर होतात. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात हेझल ब्रॅनन स्मिथ या बाईंनी जवळजवळ पन्नास वर्षं असली पत्रं चालवली. त्यांची कहाणी पत्रकारितेतल्या धैर्याची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. पण त्यांची खतावणी उघडली तर तीच कहाणी जास्त नीट समजते.

हेझल यांचा जन्म 1914 चा, शेजारच्या अलाबामा राज्यातल्या गॅड्सडेनजवळचा. सोळाव्या वर्षी शाळा संपली. कॉलेजला जायला वय लहान, म्हणून त्या गावच्या साप्ताहिकात बातम्या लिहू लागल्या आणि कमिशनवर जाहिराती गोळा करू लागल्या. बातमी आणि वसुली ही दोन्ही कामं एकाच पोरीच्या गळ्यात पडली आणि तिला दोन्ही आवडली. पुढे अलाबामा विद्यापीठात पत्रकारितेचा अभ्यास झाला. 1936 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तीन हजार डॉलर कर्ज काढून त्यांनी मिसिसिपीतल्या होम्स काउंटीमधलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ‘ड्युरँट न्यूज’ हे मरणपंथाला लागलेलं पत्र विकत घेतलं. सात वर्षांत ते मार्गी लावलं आणि 1943 मध्ये काउंटीच्या मुख्य गावचं, 1838 पासून निघणारं ‘लेक्सिंग्टन ॲडव्हर्टायझर’ घेतलं. नावातच जाहिरात असलेलं हे पत्र पुढे जाहिरातींवाचूनच उपाशी राहायचं होतं.

लेक्सिंग्टन म्हणजे मधोमध कोर्टाची इमारत, तिच्या चारी बाजूंना दुकानं आणि सगळे सगळ्यांना ओळखणारे. काउंटीचा पूर्व भाग टेकड्यांचा, पश्चिमेकडचा डेल्टाचा सपाट, काळ्या मातीचा, कापसाचा. 1960 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे सत्तावीस हजार होती. दहातले सात जण कृष्णवर्णीय, पण मतदारयादीत त्यांची नावं शोधून काढावी लागत.

या गावात हेझल उठून दिसत. मोठ्या टोप्या, नव्या फॅशनचे कपडे, उघड्या टपाची पांढरी कॅडिलॅक. पुढे त्यांनी खांबांची उंच ओसरी असलेलं घर बांधून घेतलं, तेही ‘गॉन विथ द विंड’ सिनेमातल्या वाड्याच्या धर्तीवर. हौस दांडगी होती आणि ती पुढे महागात पडली. पण या थाटामुळेच गोऱ्या समाजानं त्यांना आपल्यातलं मानलं होतं. वर्णभेदावर त्यांचं मतही गावापेक्षा वेगळं नव्हतं. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मे 1954 मध्ये दिला, तेव्हाही दोन्ही वंशांनी वेगळं राहिलेलं बरं असंच त्या लिहीत होत्या. त्यांना पुढे संत करून टाकणाऱ्या लेखांत हे सहसा येत नाही, आणि यायला हवं.

त्यांचा एक हट्ट मात्र जुना होता: कायदा लिहिला आहे तसा पाळा. मिसिसिपीत तेव्हा दारूबंदी होती, तरीही बेकायदा दारूवर राज्य सरकार रीतसर कर वसूल करी! हेझल ‘थ्रू हेझल आइज’ या आपल्या सदरातून दारूविक्रेत्यांच्या, जुगारयंत्रांच्या आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मागे लागल्या. 1946 मध्ये एका कृष्णवर्णीय माणसाला फटके मारून ठार केल्याचा खटला उभा राहिला. हेझल यांनी त्याच्या विधवेची मुलाखत घेतली आणि न्यायाधीशानं कोर्टाचा अवमान म्हणून त्यांनाच शिक्षा ठोठावली. वरच्या कोर्टात ती रद्द झाली. एवढं होऊनही जाहिराती येत राहिल्या. संपादकीणबाई जरा फटकळ आहेत, इतकंच गाव म्हणत असावं.

जुलै 1954 मध्ये काउंटीचा शेरीफ, म्हणजे पोलिसप्रमुख, रिचर्ड बर्ड रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या घोळक्याजवळ थांबला. त्यातल्या एकाला त्यानं दरडावलं आणि चालता हो म्हणाला. तरुण निघाला तेव्हा शेरीफची गोळी त्याच्या मांडीत शिरली. अशा गोष्टी घडत, आणि वर्तमानपत्रात येत नसत. हेझल यांनी चौकशी केली, साक्षीदारांशी बोलल्या, बातमी छापली. पुढच्या अंकात पहिल्या पानावर अग्रलेख लिहिला: कायदा सगळ्यांना सारखा हवा, आणि हा शेरीफ त्या पदाला लायक नाही.

शेरीफनं 57,500 डॉलरच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. गोऱ्या ज्युरींनी दहा हजार डॉलर द्यायला सांगितलं. नोव्हेंबर 1955 मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, कारण छापलेलं खरंच होतं. कोर्टात हेझल जिंकल्या. कोर्टाबाहेरचा खटला मात्र नुकताच सुरू झाला होता, आणि त्याला वरचं कोर्ट नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात जवळच्या इंडियानोला गावात ‘सिटिझन्स कौन्सिल’ नावाची संघटना उभी राहिली. तिच्यात बँकवाले, वकील, मळेवाले, दुकानदार असे प्रतिष्ठित गोरे होते. आम्ही कू क्लक्स क्लॅन या हिंसक वर्णद्वेष्ट्या टोळीसारखे नाही, असं ते अभिमानानं सांगत. मारहाण नको, नुसता आर्थिक चिमटा पुरे. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या कृष्णवर्णीयाची नोकरी जायची, कर्ज मागे घेतलं जायचं, मळ्यावरची खोली रिकामी करावी लागायची. तोच चिमटा वेगळं बोलणाऱ्या गोऱ्यालाही लागू होता. होम्स काउंटीतही कौन्सिल आली. हेझल यांनी साथ द्यायला नकार दिला, वर त्याबद्दल लिहिलंही.

आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, पण तिथे निदान निवाडा देणारे पंच दाखवता येतात. लेक्सिंग्टनच्या चौकात कुणी निवाडा दिलाच नाही. दुकानदारानं जाहिरात न देणं हा काही गुन्हा नाही. एका आठवड्यात एक चौकट गेली, पुढे दुसरी. हेझल यांचे पती वॉल्टर स्मिथ काउंटीच्या रुग्णालयाचे प्रशासक होते. जानेवारी 1956 मध्ये त्यांना काढण्यात आलं. कामाबद्दल तक्रार नव्हती, तिथले डॉक्टर त्यांच्या बाजूचे होते, पण बायको बोलत होती. घरातला पक्का पगार असा गेला.

एवढ्यानंही पत्र बंद पडेना, तेव्हा पन्नासच्या दशकाच्या शेवटी कौन्सिलशी लागेबांधे असलेल्या मंडळींनी ‘होम्स काउंटी हेरल्ड’ हे दुसरं साप्ताहिक काढलं. डाव साधा होता. एवढ्या लहान गावात दोन पत्रं जगत नाहीत. आतापर्यंत जाहिरात द्यायला दुसरी जागा नव्हती म्हणून काही दुकानदार नाइलाजानं ‘ॲडव्हर्टायझर’कडे येत होते, तीही सबब संपली. काउंटीच्या जाहीर नोटिसा आणि छपाईचं काम नव्या पत्राकडे गेलं. अग्रलेखाला उत्तर देण्याच्या भानगडीत कुणी पडलंच नाही.

1960 च्या हॅलोविनच्या रात्री हेझल यांच्या अंगणात धमकी म्हणून क्रूस पेटवला गेला. त्याच वर्षी त्यांना धाडसी पत्रकारितेचा लव्हजॉय पुरस्कार मिळाला. दूरच्या शहरांत सत्कार आणि गावात राख, हे पुढे नेहमीचंच झालं.

पैशाच्या ओढाताणीत त्या आणखी एक काम घेऊन बसल्या. राज्याची राजधानी जॅक्सनहून निघणारं ‘मिसिसिपी फ्री प्रेस’ हे नागरी हक्क चळवळीचं पत्र त्यांनी आपल्या छापखान्यात छापून दिलं. ते धंद्याचं काम होतं आणि तत्त्वाचंही. राज्य सरकारनं वर्णभेद टिकवण्यासाठी ‘सॉव्हरिन्टी कमिशन’ नावाचं पाळतखातं उघडलं होतं. त्याच्या माणसांनी जॅक्सनमध्ये या पत्राच्या कचेरीबाहेर कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांसोबत उभ्या असलेल्या हेझल यांचे फोटो काढले. छापखान्याच्या गिऱ्हाइकाशी बोलणारी मालकीण, एवढाच त्या फोटोंतला गुन्हा.

एप्रिल 1963 मध्ये काउंटीतल्याच माइल्स्टन भागातले चौदा कृष्णवर्णीय शेतकरी मतदार म्हणून नाव नोंदवायला लेक्सिंग्टनच्या कोर्टात आले. त्यांचे पुढारी हार्टमन टर्नबो. मळेवाल्यांच्या राज्यात हे धाडस माइल्स्टनकरांनीच का केलं, याचं उत्तर पुन्हा हिशेबात सापडतं. चाळीसच्या सुमारास केंद्र सरकारनं तिथल्या मळ्यांची जमीन घेऊन ती कृष्णवर्णीय कुटुंबांना दीर्घ मुदतीच्या कर्जावर दिली होती. जमीन स्वतःची. स्थानिक बँकवाला किंवा मळेवाला त्यांना हुसकू शकत नव्हता.

हुसकता येत नाही म्हटल्यावर मे महिन्यात टर्नबोंच्या घरावर पेटते बाँब पडले. त्यांनी बंदूक घेऊन हल्लेखोरांना पळवलं आणि बायकोमुलीसह आग विझवली. दुसऱ्या दिवशी अटक झाली ती टर्नबोंनाच. आरोप असा की, स्वतःचं घर यांनी स्वतःच पेटवलं! हेझल यांनी अग्रलेखात या कारवाईचे वाभाडे काढले. नऊ वर्षांपूर्वी वर्णभेदाची बाजू घेणाऱ्या या बाई, एकेका प्रकरणात कायद्याचं बोट धरत, इथवर आल्या होत्या. कुठल्या एका दिवशी त्यांचं मतपरिवर्तन झालं असं दाखवता येत नाही, आणि म्हणूनच ते खरं वाटतं.

1964 मध्ये अग्रलेखांसाठीचं पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळालं. या विभागात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. रक्कम हजार डॉलर. डोक्यावरचं कर्ज त्याच्या कित्येक पट. त्याच ऑगस्टमध्ये जॅक्सनमधल्या ‘नॉर्थसाइड रिपोर्टर’ या त्यांच्या आणखी एका पत्राच्या कचेरीवर बाँब टाकण्यात आला.

मदत येत राहिली. ग्रीनव्हिलचे संपादक हॉडिंग कार्टर यांनी निधी जमवला, होम्स काउंटीतल्या कृष्णवर्णीयांनी वर्गणी काढली, हेझल देशभर भाषणं देऊन मानधन आणत राहिल्या. हे पैसे कर्जाच्या भोकात जात. देणगीनं आजचा कागद येतो, पण दर आठवड्याची वाण्याची जाहिरात तिच्यातून परत येत नाही. मालमत्ता गहाण पडत गेली. हेझल मात्र कर्जातही पूर्वीच्याच थाटात राहिल्या, असं त्यांचे चाहतेही कबूल करतात. खर्चाला आळा घातला असता तर पत्र काही वर्षं जास्त टिकलं असतं, एवढं म्हणता येईल.

दिवसही बदलले. 1967 मध्ये याच काउंटीतून रॉबर्ट क्लार्क निवडून आले. अमेरिकी यादवीनंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतर मिसिसिपीच्या विधिमंडळात पोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय. हेझलही त्या वर्षी राज्याच्या सिनेटसाठी उभ्या राहिल्या आणि पडल्या. चळवळीतल्या जहाल तरुणांशी त्यांचं पटेना. गोऱ्यांनी त्यांना परत आपलं म्हटलं नाही आणि कृष्णवर्णीय समाजाला आता स्वतःचे पुढारी होते. दोन्हीकडच्या वाचकांच्या मधल्या मोकळ्या जागेत ‘ॲडव्हर्टायझर’ निघत राहिला, बारीक होत.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्टर गेले. हेझल यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली. 1985 मध्ये त्यांनी दिवाळं जाहीर केलं, दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावर आलेलं पत्र बंद झालं आणि खांबांच्या ओसरीचं घर कर्जापोटी गेलं. त्या नातेवाइकांकडे राहायला गेल्या. एप्रिल 1994 मध्ये त्यांच्या आयुष्यावरचा सिनेमा अमेरिकेत टीव्हीवर लागला. त्यात जेन सीमोर या अभिनेत्रीनं हेझल रंगवली होती. पुढच्याच महिन्यात, टेनेसी राज्यात, हेझल वारल्या.

लेक्सिंग्टनमध्ये ‘होम्स काउंटी हेरल्ड’ पुढेही निघत राहिला.