शिखरावरचे तांबे

वसईपासून विरारपर्यंतची देवळे डोळ्यांपुढे आणून पाहा. शिखर चुन्याचे, अलीकडचे असले तर सिमेंटचे. आणि धातू म्हणाल तर तो बहुधा कळसापुरता. तेव्हा सबंध शिखर तांब्याच्या पत्र्याने मढवतात असे कोणी सांगितले, तर ती आपल्याला दूरदेशची गोष्ट वाटते. वास्तविक काशीला जाऊन आलेल्या माणसाने ती पाहिलेली असते. फक्त तो तिला ‘सोन्याचे शिखर’ म्हणतो. विश्वेश्वराचे आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधविले. त्यावर सोने चढले ते महाराजा रणजितसिंगांकडून, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. पण ते सोने दगडावर थेट बसलेले नाही. आधी दगडावर तांब्याचे पत्रे, आणि त्या पत्र्यांवर सोन्याचा पातळ थर. ऊनपाऊस सोसायचा तांब्याने, नाव मात्र सोन्याचे!

गंमत अशी की, आपल्या सोपाऱ्यात याच्या नेमकी उलट मांडणी सापडली आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडा मिळाला. त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा. येथे सोने आत आणि तांबे बाहेर. काशीत सोने बाहेर, तांबे आत. दोन्हीकडे राखणदार मात्र तांबेच.

हे काम तांब्याकडेच का आले? लोखंड गंजले की त्याचे पापुद्रे सुटतात, खालचा धातू उघडा पडतो आणि गंज पुन्हा आत शिरतो. तांब्यावर आधी काळपट आणि मग हिरवट थर चढतो. तो अंगाला घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या तांब्याला सांभाळतो. शिवाय तांबे मऊ. तांबटाच्या हातोडीखाली ते शिखराच्या गोलाईला, कंगोऱ्याला वळते. पुण्याच्या कसब्यातले तांबट भांड्यांवर जे मठारकाम करतात, त्याच हाताची ही करामत. वजनही बेताचे : अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड पत्रा चौरस मीटरला साधारण साडेपाच किलो भरतो. म्हणूनच कर्नाटकच्या किनाऱ्यावर व केरळात, जेथे पावसाळा आपल्यासारखाच धो-धो असतो, तेथे लाकडी वाशांवर तांब्याचे छप्पर घातलेली देवळे आढळतात.

आता आपल्याकडेही जीर्णोद्धाराच्या बैठकीत ‘शिखर तांब्याने मढवू या’ अशी सूचना येते. सूचना वाईट नाही. पण चार गोष्टी आधी पाहाव्यात. खाऱ्या हवेत तांब्याला लोखंडी खिळा मारला, तर तांबे टिकते आणि खिळा खाल्ला जातो. ओल्या खारटपणात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांतला दुबळा झिजतो, असा हा न्याय आहे. खिळे तांब्याचेच हवेत. शिखरावरून ओघळणारे पाणी खालच्या मंडपाच्या जस्ती पत्र्यावर पडू देऊ नये. त्या पाण्यातले तांबे जस्ताला खाते. दोन मीटरचा पत्रा थंडीतल्या पहाटेपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत सव्वा मिलिमीटरहून अधिक लांबतो. म्हणून सांधे डाक देऊन जखडायचे नसतात, तर पत्र्याच्या कडा एकमेकींत दुमडायच्या असतात. ही दुमड जुन्या कारागिराला सांगावी लागत नाही. कंत्राटदाराला मात्र लिहून द्यावी!

दुसरा मोह स्वच्छतेचा. हिरवे पडलेले तांबे पाहून कोणी चिंच, कोणी तेजाब घेऊन वर चढतो. देवघरातला तांब्या चिंचेने जरूर घासावा. पण शिखर घासले, की संरक्षक थर जातो, आणि दर घासणीला थोडे तांबेही जाते. मला तर तो हिरवा रंग शोभतो असेच वाटते. ज्यांना झळाळीच हवी, त्यांनी सोन्याचा मुलामा द्यावा. पूर्वी तो पाऱ्यात सोने कालवून देत आणि पारा उडवून लावीत. त्या वाफेने कारागिराचे आयुष्य खाल्ले जाई. आता विजेच्या साहाय्याने मुलामा चढवता येतो.

आणि विजेचे नाव निघालेच आहे, तर आकाशातल्या विजेचेही सांगतो. शिखर तांब्याचे म्हणजे वीज पडण्याची भीती नाही, हा समज धोक्याचा आहे. कळसापासून थेट जमिनीपर्यंत तांब्याची अखंड पट्टी उतरवून ती ओल टिकते अशा मातीत खोल पुरलेली असेल, तरच वीज निमूटपणे खाली जाते. पट्टी मध्येच तुटली, तर ती भिंतीतून वाट काढते.