एकट्याकडे असलेली माहिती

एका जागेसाठी तीन उमेदवार आणि निवड करायला चौघे. सगळी माहिती चौघांनाही दिली, की बहुतेक गट सर्वांत योग्य उमेदवार निवडत. मग गॅरोल्ड स्टासर आणि विल्यम टायटस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माहिती वाटून टाकली. योग्य उमेदवाराचे काही गुण एकाला कळले, काही दुसऱ्याला; दोष मात्र सर्वांना. प्रत्येकाने आपल्याजवळचं सांगितलं असतं, तरी खरं चित्र समोर आलं असतं. चर्चा झाली, आणि बहुतेक गटांनी भलत्यालाच निवडलं.

हा प्रयोग १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ मध्ये अशा ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. माहिती विखुरलेली असताना योग्य उत्तर सापडण्याची शक्यता आठपटीने घटते, असं त्यात दिसलं.

यात कुणाचा लबाडपणा नसतो. बरंचसं साधं गणित आहे. एखादी गोष्ट बैठकीत आठवून बोलण्याची शक्यता माणशी ३० टक्के धरा. ती चौघांनाही ठाऊक असेल, तर कुणीतरी ती काढण्याची शक्यता ७६ टक्के होते. एकालाच ठाऊक असेल, तर ३० टक्केच. शिवाय सर्वांना माहीत असलेलं बोललं की माना डोलतात, बोलणारा जाणकार वाटतो. नवी गोष्ट काढणाऱ्याला असा दुजोरा द्यायला कुणीच नसतं. नव्याने रुजू झालेला कर्मचारी गप्प का राहतो, याचं उत्तर मला त्याच्या स्वभावापेक्षा इथे अधिक दिसतं.

डॉक्टरही याला अपवाद नाहीत. १९९८ च्या एका अभ्यासात तीन-तीन डॉक्टरांच्या गटांना एकाच रुग्णाच्या मुलाखतीचे थोडे वेगवेगळे व्हिडिओ दाखवले. तिघांनी पाहिलेली लक्षणं आधी आणि जास्त बोलली गेली. निर्णायक लक्षण एकानेच पाहिलेलं असेल, तेव्हा निदान अधिक वेळा चुकलं.

उपाय अवघड नाहीत. कोण कशातला जाणकार आहे हे सुरुवातीलाच सर्वांना सांगितलं, तर एकट्याकडची माहिती जास्त बाहेर येते. मत विचारण्याआधी माहिती विचारावी, आणि साहेबांनी शेवटी बोलावं. साहेबांचा कल कळल्यावर त्याविरुद्धची माहिती काढायला फार धीर लागतो, आणि तो कनिष्ठांकडून गृहीत धरणं अन्यायाचं आहे.

मतभेदाचाही उपयोग होतो. २००६ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना आढळलं, की बैठकीआधी सदस्यांची मतं वेगवेगळी असतील, तर निर्णय सुधारतो. सगळ्यांची मतं चुकीची असली तरीही! भिन्न मतांमुळे चर्चा अधिक कसून होते, आणि सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या माहितीकडे झुकण्याचा तिचा कल कमी होतो. पण मतभेद खरा हवा. कुणाला तरी मुद्दाम विरोधकाची भूमिका दिली, तर तितका परिणाम होत नाही, असं मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत दिसलं आहे.