तरंगते शहर

'जहाज' हा शब्द तुम्हांला नव्याने शिकवावा लागत नाही. तो उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. तुम्ही ज्याला 'बंदरगाह' म्हणता त्याला मराठीत 'बंदर' म्हणतात. तुमचा 'लंगर' तो मराठीतला 'नांगर'. जहाजांबरोबर माल जसा एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर गेला, तसे शब्दही गेले.

पूर्वी माणसे जहाजात बसत ती कोठेतरी पोहोचण्यासाठी. मुंबईहून रत्नागिरीला आणि गोव्याला आगबोटी जात. हजचे यात्रेकरू मुंबई बंदरातून जहाजाने जिद्द्याला जात. पुढे १९९० च्या दशकात ही जहाजे बंद झाली आणि यात्रेकरू विमानाने जाऊ लागले. आज जगात एका निराळ्याच प्रकारची प्रवासी जहाजे फार वाढली आहेत. त्यांना 'क्रूझ जहाज' म्हणतात. प्रवासी त्यावर चढतो, आठवडाभर समुद्रावर फिरतो, वाटेत दोन-चार बंदरे पाहतो आणि पुष्कळदा जेथून निघाला तेथेच परत उतरतो. जहाजावर राहणे हीच त्याची सहल असते.

अशा जहाजांपैकी एक अतिशय मोठे जहाज म्हणजे 'आयकॉन ऑफ द सीज'. ते फिनलंड देशातील तुर्कू या गावच्या गोदीत बांधले गेले. २७ जानेवारी २०२४ रोजी ते अमेरिकेतील मायामी बंदरातून पहिल्या सफरीवर निघाले, तेव्हा ते जगातील सर्वांत मोठे प्रवासी जहाज होते. त्याची लांबी सुमारे ३६५ मीटर आहे. म्हणजे शंभर मीटरच्या शर्यतीची धाव साडेतीन वेळा धावलात तरी जहाजाचे दुसरे टोक थोडे पुढेच राहील! त्याला एकंदर २० मजले आहेत. जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि त्यांच्या सेवेसाठी सुमारे २,३५० कर्मचारी त्यावर मावतात. एका लहान शहराची वस्तीच ती!

जहाज पहिल्या सफरीवर निघण्यापूर्वीच त्याची चित्रे जगभर पसरली. ती पाहून लोकांचे दोन तट पडले. काही जण म्हणाले, "केव्हा एकदा या जहाजावर जातो असे झाले आहे." काही जण म्हणाले, "छे! एवढ्या गर्दीत समुद्रावर कोण जाणार? आणि हे उलटले तर?" या दोन्ही तटांचे म्हणणे आपण नीट समजून घेऊ.

प्रथम अपेक्षा पाहू. या जहाजावर पोहण्याचे ७ तलाव आहेत, पाण्याच्या ६ घसरगुंड्या आहेत, बर्फावर घसरत खेळ करण्याची जागा आहे आणि खाण्यापिण्याची चाळीसहून अधिक ठिकाणे आहेत. आजीआजोबांना निवांत बसता यावे, मुलांना खेळता यावे आणि आईवडिलांना स्वयंपाकाची चिंता नसावी, अशी एका कुटुंबाची अपेक्षा असते. ती येथे बऱ्याच अंशी पुरी होते. पण तिकिटाच्या पैशांत सारेच मिळते असे नाही. काही उपाहारगृहांत जेवण, बंदरावरील सहली, इंटरनेट यांचे पैसे वेगळे पडतात. काही खोल्यांना तर समुद्राकडची खिडकीच नसते. समुद्र पाहायला गेलेल्या माणसाने खोली घेण्यापूर्वी एवढे तरी विचारून घ्यावे.

आता शंकांकडे वळू.

पहिली शंका अशी की, एवढे उंच जहाज वाऱ्याने कलंडणार नाही का? एक सोपा प्रयोग करा. प्लॅस्टिकची रिकामी बाटली बादलीतल्या पाण्यात उभी करा. ती लगेच आडवी होईल. आता तिच्या तळाशी थोडी वाळू घाला आणि पुन्हा सोडा. ती उभी राहील. टिचकी मारली तरी डोलून पुन्हा सरळ होईल. जहाजाचेही असेच आहे. अवजड इंजिने, इंधनाच्या टाक्या, पाण्याच्या टाक्या हे सारे तळाशी असते. वरचे मजले म्हणजे बहुतांशी पोकळ खोल्या. शिवाय जहाज चांगले रुंद असते. वरच्या तलावांतील पाणी जड असते खरे, पण त्याचा हिशेब जहाजाचा आराखडा काढतानाच केलेला असतो. या जहाजाचा आकडा २,४८,६६३ टन असा छापलेला तुम्हांला कोठेतरी दिसेल. तो वजनाचा आकडा नव्हे. जहाजाच्या आत बंद जागा किती आहे, हे त्यावरून कळते.

हेलकावे कमी व्हावेत म्हणून अशा जहाजांच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख असतात. त्यामुळे पुष्कळांना बोट लागत नाही. तरी समुद्र खवळला की कोणतेही जहाज हलते. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'अँथम ऑफ द सीज' हे मोठे जहाज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ भयंकर वादळात सापडले. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत थांबावे लागले, सामानसुमान इकडेतिकडे फेकले गेले. पण जहाज बुडाले नाही. ते माघारी आले. बांधणी भक्कम होती यात शंका नाही. मात्र हवामानाचा असा अंदाज असताना जहाज निघालेच का, असे लोकांनी विचारले आणि ते विचारणे योग्यच होते. भक्कम जहाजालाही शहाणा निर्णय लागतो.

दुसरी शंका याहून गंभीर आहे. जहाज सोडण्याची वेळ आलीच, तर इतक्या माणसांचे काय होईल? या शंकेला इतिहासाने मोठी किंमत मोजायला लावली आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री 'टायटॅनिक' हे जहाज हिमनगावर आदळले आणि काही तासांतच बुडाले. त्यावर सुमारे २,२०० माणसे होती आणि जीवरक्षक नौका होत्या फक्त २०. त्यांत १,१७८ माणसांपुरतीच जागा होती. तुम्हांला वाटेल, मालकांनी कायदा मोडला असेल. तसे नव्हते. इंग्लंडचा तेव्हाचा नियम १८९४ सालचा होता. दहा हजार टनांच्या वरच्या जहाजाला सोळा नौका पुरेत, असे तो सांगत होता. टायटॅनिक होते सेहेचाळीस हजार टनांचे! जहाजे वाढत गेली आणि नियम मात्र जुनाच राहिला. त्यातही नौका पुऱ्या भरल्या गेल्या नाहीत, कारण एवढे मोठे जहाज बुडेल यावर सुरुवातीला अनेकांचा विश्वासच बसेना. सुमारे पंधराशे माणसे प्राणाला मुकली.

त्यानंतर १९१४ साली लंडनमध्ये अनेक देशांनी एकत्र येऊन समुद्रावरील सुरक्षिततेचा करार केला. त्या करारात पुढे वेळोवेळी सुधारणा झाल्या. आजच्या नियमाप्रमाणे परदेशी सफरीवर जाणाऱ्या प्रवासी जहाजावर नौका आणि तराफे मिळून सर्व माणसांना पुरून उरतील इतक्या जागा असाव्या लागतात. प्रत्येकासाठी जीवरक्षक जॅकेट असावे लागते. जहाज सोडण्याचा हुकूम झाल्यावर, जमलेल्या प्रवाशांना घेऊन सर्व नौका अर्ध्या तासात पाण्यात उतरवता आल्या पाहिजेत.

पण नौका असणे आणि त्या वेळेवर वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉनकॉर्डिया' हे जहाज इटलीतील जिल्यो बेटाजवळ खडकावर घासले. किनारा अगदी हाकेच्या अंतरावर होता. जहाजावर चार हजारांहून अधिक माणसे होती आणि नौकाही पुरेशा होत्या. तरी जहाज सोडण्याचा हुकूम एक तासाहून अधिक उशिरा दिला गेला. तोपर्यंत जहाज इतके कलले की एका बाजूच्या नौका उतरवणे कठीण झाले. ३२ माणसे मेली. त्यांत एक भारतीय कर्मचारीही होता. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या काही प्रवाशांनी तर संकटकाळची कवायत केलेलीच नव्हती, कारण चोवीस तासांत केव्हाही ती घेतली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून हा नियम बदलला. आता जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच ही कवायत घ्यावी लागते. भोंग्याचे सात लहान आणि एक लांब आवाज म्हणजे संकटाचा इशारा. तो ऐकला की कोठे जमायचे, हे प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

तिसरी शंका इंजिनाविषयीची. भर समुद्रात इंजिन बंद पडले तर? फेब्रुवारी २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ' या जहाजाच्या इंजिनघरात आग लागली. आग विझली, पण वीज गेली. चार हजारांहून अधिक माणसांचे चार दिवस अतोनात हाल झाले. शौचालयेसुद्धा चालेनात. शेवटी दुसऱ्या बोटींनी ते जहाज ओढत बंदरात आणले. ते १९९९ साली प्रवासाला निघालेले जुने जहाज होते. १ जुलै २०१० नंतर बांधायला घेतलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना नियम अधिक कडक आहे. जहाजाच्या एका भागात ठरावीक मर्यादेपर्यंत आग लागली किंवा पाणी शिरले, तरी त्याला स्वतःच्या बळावर बंदर गाठता आले पाहिजे. म्हणून या बाबतीत नवे जहाज जुन्यापेक्षा अधिक भरवशाचे असते.

चौथी शंका गर्दीची आणि रोगराईची. हजारो माणसे एका छपराखाली राहतात, जेवतात, त्याच कठड्यांना हात लावतात. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज अडकून पडले. त्यावरील ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना कोरोनाची लागण झाली. त्यांत भारतीयही होते. तेव्हापासून स्वच्छतेकडे अधिक लक्ष दिले जाते. तरी जेथे गर्दी तेथे रोग पसरण्याची भीती राहणारच. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हा साधा उपाय समुद्रावरही तितकाच उपयोगी आहे.

पाचवी शंका प्रवाशाच्या जिवाची नाही, समुद्राच्या जिवाची आहे. आयकॉन जहाज द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालते. जहाजांच्या जुन्या जड तेलापेक्षा या वायूने काजळी आणि गंधकाचा धूर फार कमी होतो. ही चांगली गोष्ट झाली. पण या वायूचा मुख्य घटक मिथेन. त्याचा काही भाग न जळताच हवेत निसटतो आणि पृथ्वी तापवण्यात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जहाल आहे. लहान बंदरांचाही प्रश्न आहे. एका सकाळी पाच-सहा हजार पाहुणे उतरले, तर त्या गावाच्या रस्त्यांनी आणि नळांनी काय करावे? इटलीतील व्हेनिस शहराच्या मधून मोठी जहाजे जात असत. जुन्या इमारतींना धोका आहे, असे तेथील नागरिक अनेक वर्षे सांगत होते. अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून सरकारने मोठ्या जहाजांना तो मार्ग बंद केला.

आता या पाच शंका पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. जहाज कलंडण्याच्या शंकेला विज्ञानाने उत्तर दिले आहे. नौकांच्या आणि इंजिनाच्या शंकांना नियमांनी उत्तर दिले आहे. पण ते नियम आपोआप झालेले नाहीत. ज्या शंका वेळेवर विचारल्या गेल्या नाहीत किंवा विचारूनही ऐकल्या गेल्या नाहीत, त्यांची किंमत आधी माणसांनी मोजली आणि मग नियम झाला. गर्दीच्या आणि प्रदूषणाच्या शंकांना मात्र पुरते उत्तर अजून मिळालेले नाही. 'जहाज नवे आहे, मोठे आहे, मग काळजी कशाला?' असे म्हणून त्या मिटत नाहीत. टायटॅनिकसुद्धा नवे होते आणि मोठे होते.

हा विषय आपल्यापासून फार दूर आहे असे समजू नका. कोकणातील आणि गोव्यातील पुष्कळ घरांतील माणसे जहाजांवर नोकरी करतात. २०२१ साली मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे 'एम्प्रेस' हे क्रूझ जहाज फिरू लागले. ते १९९० साली, आयकॉन ज्या कंपनीचे आहे त्याच कंपनीसाठी बांधले गेले होते. त्याचे आकारमान सुमारे अठ्ठेचाळीस हजार टन, म्हणजे आयकॉनच्या एक पंचमांश. तीस-पस्तीस वर्षांत जहाजे केवढी वाढली ते पाहा!

उद्या तुमच्यापैकी कोणी अशा जहाजावर प्रवासी म्हणून जाईल, कोणी खलाशी होईल, कोणी जहाजे बांधणारा अभियंता होईल. खुशाल जा, आनंदाने जा. मात्र जहाजावर पाऊल ठेवताच घसरगुंडी कोठे आहे हे विचारण्यापूर्वी, माझी जीवरक्षक नौका कोठे आहे हे विचारा. कवायत चुकवू नका. तुमच्या शंकेला कोणी हसले तर संकोच करू नका. आपल्याआधी ज्यांनी असे प्रश्न लावून धरले, त्यांच्यामुळेच आज ती नौका तेथे आहे.