पंच कोणाचा, पैसा कोणाचा?

नागपूरच्या दिव्या देशमुखने 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातल्या बाटुमी इथे कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. आज नागपुरातल्या सदरमधल्या एखाद्या घरात मूल बुद्धिबळ शिकू लागलं, की पटाशेजारी लॅपटॉप येतोच. डाव संपला की इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, लावायचं आणि घोडचूक कुठे झाली ते बघायचं. पण इंजिन विकत घ्यायचं तर जाहिरातीत प्रत्येकच जण ‘सर्वात बलवान’. हे ठरवलं कोणी?

हा प्रश्न जुनाच. मे 1997 मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवलं. बक्षिसाची रक्कम आयबीएमची, यंत्रही आयबीएमचंच. दुसऱ्या डावानंतर कास्पारोव्हने यंत्राच्या नोंदी मागितल्या, त्या सामना सुरू असताना मिळाल्या नाहीत. कंपनीने त्या पुढे प्रसिद्ध केल्या, पण फेरसामना झाला नाही आणि शंका राहिली ती राहिलीच.

स्वतंत्र परीक्षकही या पेचातून सुटले नाहीत. स्वीडनमधल्या हौशी मंडळींची एसएसडीएफ 1984 पासून बुद्धिबळ-संगणकांची क्रमवारी लावत आली. 1998 च्या सुमारास तिथे फ्रिट्झ 5 ची चाचणी झाली, ती फ्रिट्झ विकणाऱ्या चेसबेसने पुरवलेल्या डाव खेळवणाऱ्या प्रणालीवर. प्रतिस्पर्धी निर्माते चिडले आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. परीक्षकांची दानत चांगली असली, तरी मोजमापाचं साधन स्पर्धकाकडून आलेलं असू नये.

याचा सर्वात बोलका दाखला डिसेंबर 2017 चा. गूगलच्या डीपमाइंडने जाहीर केलं, की आपल्या अल्फाझीरो या प्रणालीने स्टॉकफिश 8 या इंजिनाविरुद्ध 100 डावांत 28 जिंकले, 72 बरोबरीत सोडवले, एकही गमावला नाही. जग थक्क झालं. मग जाणकारांनी अटी वाचल्या. प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट, म्हणजे अवघड जागी जास्त वेळ द्यायचं स्टॉकफिशचं कसब वाया. 64 थ्रेड चालवणाऱ्या इंजिनाला हॅशसाठी, म्हणजे तपासलेल्या स्थिती साठवायला, जेमतेम 1 जीबी मेमरी. आवृत्तीही वर्षभर जुनी. दोन्हींचं हार्डवेअर वेगळं आणि डाव उघड केले फक्त 10. अल्फाझीरोची ताकद खोटी होती असं नव्हे, पण स्पर्धक, यजमान आणि पंच एकच असल्यावर खरा निकालही संशयात सापडतो. डीपमाइंडने आक्षेप मनावर घेतले, हे तिच्या श्रेयाचंच. डिसेंबर 2018 च्या ‘सायन्स’मधल्या निबंधात 1000 डाव होते, स्टॉकफिशला तीन तासांचा वेळ आणि 32 जीबी हॅश होता. निकाल 155 विजय, 6 पराभव, बाकी बरोबरी.

तरी अल्फाझीरो बाहेरच्या कोणाच्याच हाती आलं नाही. त्याच्या पद्धतीची खरी तपासणी झाली ती टीसीईसी या 2010 पासूनच्या इंजिनांच्या स्पर्धेत. खर्चाला प्रायोजक तिथेही लागतात, पण सुरुवातीच्या चाली आयोजक निवडतात, प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवतात आणि सगळे डाव थेट दिसतात. पैसा कुठूनही येवो, अटी स्पर्धकाच्या हातात नसल्या आणि डाव उघडे असले, की निकालावर विसंबता येतं. अल्फाझीरोच्या न्यूरल नेटवर्कच्या पद्धतीवर स्वयंसेवकांनी उभारलेल्या लीला चेस झीरोने 2019 मध्ये तिथल्या पंधराव्या पर्वात, 100 डावांच्या अंतिम लढतीत, स्टॉकफिशला 53.5–46.5 असं हरवलं. स्टॉकफिशच्या चमूनेही मग सप्टेंबर 2020 च्या बाराव्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क आणलं. ते इंजिन आजही फुकट मिळतं.