दानाचा तास

इंडियानापोलिस : आमच्या शेजारच्या मुलीला डॉक्टर व्हायचंय आणि सध्या ती शिकतेय दानधर्म. पेणला बहिणीला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, "मार्क कमी पडले का गं तिला?" बहिणीचा मुलगा नीटच्या क्लासला, तिला दुसरं काय सुचणार!

इथे बारावीनंतर सहसा थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी. विषय कुठलाही चालतो, जीवशास्त्र-रसायन-भौतिकीचे ठरावीक पेपर तेवढे झालेले हवेत. मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, आणि पुढे चार वर्षं मेडिकल. एमकॅटमध्येही २०१५ पासून मानसशास्त्र-समाजशास्त्र आलंय.

दान हा विषय शिकवणारं लिली फॅमिली स्कूल याच शहरात, इंडियाना विद्यापीठात २०१२ साली निघालं. या विषयाला वाहिलेलं जगातलं पहिलं. लिली म्हणजे इन्सुलिनवाले. त्याच इन्सुलिनच्या किमतीवरून इथे केवढी ओरड झाली, ते असो.

मुलीची वही मी चाळली. पुण्यबिण्य काही नाही, सगळा व्यवहार. इथली बरीच रुग्णालयं ना-नफा. त्यांना कर माफ, पण गरीब रुग्णाला बिलात सवलत कशी देणार, ते लेखी जाहीर करावं लागतं. आपल्या धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटांचीच ही बहीण. आणि दुखणंही तेच : ज्याला ठाऊक नाही, तो मागत नाही. औषध लिहून देणाऱ्याला हे माहीत नसेल, तर चिठ्ठी खिशातच राहायची.

"तुमच्याकडे काय?" तिने विचारलं. माझं माहेर रोहा, सासर पेण. मी सोडते होय! पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा, रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले. दोघांनाही सामाजिक नेतृत्वाचा मॅगसेसे, १९५८ आणि १९९६. विनोबा जमीन मागत ती भीक म्हणून नव्हे; पाच मुलगे असतील तर मला सहावा धरा, माझा वाटा द्या, म्हणत. आणि शास्त्रीजींच्या मत्स्यगंधा होड्या : कोळी पाळीपाळीने राबणार, मासळीचा पैसा देवाचा, तो गरजूच्या घरी गाजावाजा न करता पोचणार.

"म्हणजे देणारा कोणीच नाही?" तिने पेन थांबवलं. "मग आभार कोणाचे मानायचे?"

मी चहा ओतला.

सुट्टीत ती रुग्णालयाच्या बिलांच्या खिडकीशी बसून लोकांचे सवलतीचे अर्ज भरून देणार आहे. अर्ज फार किचकट आहे, म्हणते.