युद्धजन्य मानसिक आघात

युद्धात मृत्यू, गंभीर इजा किंवा सहकाऱ्यांची प्राणहानी प्रत्यक्ष अनुभवल्यामुळे सैनिकाच्या मनावर होणारा आणि धोका टळल्यानंतरही टिकून राहणारा परिणाम. त्याच्या दीर्घकालीन स्वरूपास आघातोत्तर ताणविकृती म्हणतात. घडलेला प्रसंग इच्छेविरुद्ध पुनःपुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, दुःस्वप्ने पडणे, त्याची आठवण करून देणारी स्थळे व संभाषणे टाळणे, सतत सावध राहणे, फटाक्यासारख्या आवाजाने दचकणे ही तिची प्रमुख लक्षणे होत. निद्रानाश, चिडखोरपणा, आपण वाचलो याबद्दलची अपराधी भावना, अवसाद व मद्यासक्ती ही त्यांच्या जोडीस आढळतात. लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकल्यास हे निदान केले जाते. क्वचित ती कित्येक महिन्यांनी प्रकट होतात. युद्ध पाहिलेल्या प्रत्येकास ही विकृती जडतेच असे नाही.

इतिहास : अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांमध्ये आढळलेल्या हृदयाच्या धडधडीचे वर्णन जेकब द कॉस्टा यांनी १८७१ मध्ये केले. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आणली. त्या काळी या अवस्थेस पुष्कळदा भित्रेपणा समजले जाई. पहिल्या महायुद्धात पलायन, भ्याडपणा इ. लष्करी गुन्ह्यांसाठी ब्रिटिश सेनेने गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी देण्यात आली. त्यांपैकी काही या विकाराने ग्रस्त होते, असे मानले जाते. नाशिकजवळील देवळाली येथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत राहिलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या मनोवस्थेवरून भ्रमिष्ट या अर्थाचा ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. अमेरिकन मनोविकारतज्ञ संघटनेने १९८० मध्ये या विकृतीस स्वतंत्र निदानाचे स्थान दिले.

उपचार : पहिल्या महायुद्धातच आघाडीच्या निकट, विनाविलंब आणि बरे होण्याचा विश्वास देऊन उपचार करण्याचे तत्त्व पुढे आले. अन्न, झोप व विश्रांती यांनी अनेकांना उतार पडतो. विकृती जडल्यावर मात्र आघातकेंद्रित बोधात्मक-वर्तनचिकित्सा उपयुक्त ठरते. तीत तज्ञाच्या साहाय्याने रुग्ण टाळलेल्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरा जातो. नेत्रचलनावर आधारलेली उपचारपद्धती आणि सर्ट्रालीनसारखी औषधेही वापरतात. प्रसंगानंतर लगेच सर्वांना एकाच बैठकीत तो सांगावयास लावण्याने विकृती टळत नाही, असे आढळले आहे.

भारतीय व्यवस्था : भारतीय सेनेच्या वैद्यकीय वर्गीकरणात मानसिक क्षमतेची नोंद स्वतंत्रपणे होते. वर्ग खालावल्यास बढती व नेमणूक यांवर परिणाम होईल, या भीतीने सैनिक आपला त्रास लपवितो; त्यामुळे उपचार लांबतात. दूरध्वनीवरील ‘टेलि-मानस’ या सेवेचा (क्रमांक १४४१६) सैनिकांसाठी असलेला विशेष कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुणे येथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे.

वऱ्हाडातील स्थिती : सेवा संपल्यावर अमरावती वा अकोला जिल्ह्यातील जवान गावी परततो, तेव्हा पलटणीतील सोबत्यांचा आधार सुटतो आणि लष्करी रुग्णालयही दूर राहते. गावात तो मनाच्या त्रासाऐवजी झोप न येणे, डोके दुखणे अशाच तक्रारी सांगतो. दारू वाढली, तर ते केवळ व्यसन समजले जाते. १८६४ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मनोरुग्णालय अमरावतीहून सु. १५० किमी., तर अकोल्याहून सु. २५० किमी. अंतरावर आहे. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रत्येक जिल्ह्यातील सैनिक कल्याण कार्यालयाशी माजी सैनिकांचा निवृत्तिवेतन, पुनर्वसन इ. कामांनिमित्त संबंध येतो. त्रास ओळखण्याची पहिली संधी तेथेच असते.

गावपातळीवर अशी सेवा शक्य असल्याचे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमाने दाखविले. तो सैनिकांसाठी नव्हता. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर तो आखलेला होता. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरोघरी गेले. अवसादग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४·३ टक्क्यांवरून २७·२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. माजी सैनिकाच्या बाबतीतही हीच रीत लागू पडण्याजोगी आहे. कारण त्याची रात्रीची जाग प्रथम लक्षात येते ती घरच्या माणसांच्या. तिला भ्याडपणा वा दुर्वर्तन न मानता विकार मानणे, ही उपचाराची पहिली पायरी होय.